ईडीटीएने गिळलेलं कॅल्शियम आणि एलडीएल रिसेप्टरची मॉड्यूलं

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याची एक एम.एस्सी.ची विद्यार्थिनी एलडीएल रिसेप्टरचं (रक्तातलं एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणारे कण, पेशीत ओढून घेणारं प्रथिन) तिसरं आणि चौथं मॉड्यूल, म्हणजे स्वतंत्र घडी घालणारे दोन छोटे तुकडे, जोडीने ई. कोलाय या जिवाणूत बनवते आहे. प्रथिन इन्क्लुजन बॉडीत गेलं. तिने ते युरियात विरघळवलं, निकेलच्या कॉलमवरून काढलं आणि युरिया हळूहळू काढायला ट्रिस बफरमध्ये डायलिसिसला ठेवलं. बफरमध्ये ५ मिलिमोलर ईडीटीए (धातूंचे आयन पकडून ठेवणारं रसायन) होतं, कारण कॉलममधून गळलेलं निकेल आणि प्रोटीएजेस (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) यांचा बंदोबस्त करायचा होता. शिवाय १ मिलिमोलर डीटीटी (सिस्टीनमधले बंध सोडवणारं रसायन). शेवटी तिने २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड टाकलं आणि आरएपी हे प्रथिन या जोडीला चिकटतं का ते पाहिलं. चिकटलं नाही. तिचे सर म्हणतात की कॅल्शियम रिसेप्टर आणि लिगँड (रिसेप्टरला चिकटणारा रेणू, इथे आरएपी) यांच्यामध्ये पूल बांधतं. मग पुलाचं सामान पुरवूनही पूल का उभा राहिला नाही, हा तिचा प्रश्न. जाता जाता तिने आणखी एक विचारलंय: बाबांचं एलडीएल १९० च्या वर आहे, ते कॅल्शियमच्या गोळ्या घेतात, तर त्याचा या रिसेप्टरला फायदा व्हायला नको का?

मी पंचवीसेक वर्षं प्रथिनं शुद्ध करण्यात घालवली, त्यातली निम्मी अधिक अशाच सिस्टीनने भरलेल्या, कॅल्शियम मागणाऱ्या हट्टी प्रथिनांवर. आता म्हापशाला घरी असते, तेव्हा सवडीने लिहिते. बाबांच्या गोळ्यांचं शेवटी बोलू.

आधी आकडेमोड, कारण तुमचा प्रयोग तिथेच पहिल्यांदा फसलाय. ईडीटीएचा एक रेणू कॅल्शियमचा एक आयन धरतो, आणि तो असा धरतो की सहसा सोडत नाही. तुमच्याकडे ५ मिलिमोलर ईडीटीए आणि २ मिलिमोलर कॅल्शियम. म्हणजे सगळं कॅल्शियम ईडीटीएच्या पोटात, वर ३ मिलिमोलर ईडीटीए अजून उपाशी. प्रथिनासाठी मोकळं कॅल्शियम उरलं नॅनोमोलरच्या घरात. तुम्ही २ मिलिमोलर टाकलंत, पण प्रथिनाला ते दिसलंच नाही. मोकळं २ मिलिमोलर हवं असेल तर एकूण ७ टाकावं लागलं असतं. आणि ईडीटीए कॅल्शियम पकडताना प्रोटॉन सोडतं, त्यामुळे दुबळ्या बफरमध्ये पीएचही खाली येतो. वहीत ‘कॅल्शियम टाकलं’ असं न लिहिता ‘मोकळं कॅल्शियम इतकं’ असं लिहायची सवय लावा. माझे अर्धे विद्यार्थी या एका वाक्यावर वाचले.

आता तुम्ही म्हणाल, बरं, उद्या ७ मिलिमोलर टाकते. टाका, पण तरी काही होणार नाही अशी माझी पैज आहे. कारण खरी अडचण कॅल्शियम किती टाकलं याची नाही, कधी टाकलं याची आहे.

एलडीएल रिसेप्टरच्या टोकाला सात मॉड्यूलं ओळीने असतात. प्रत्येक साधारण ४० अमिनो आम्लांचं. इतक्या लहान प्रथिनाला सहसा स्वतःचा आकार धरता येत नाही. मोठ्या प्रथिनांत आतल्या बाजूला पाण्याला टाळणाऱ्या कड्या, म्हणजे साखळीतली अमिनो आम्लं, गोळा होतात, तोच त्यांचा गाभा. इथे गाभा म्हणावा असं फारसं काही नाही. मग आकार टिकतो कशावर? दोन गोष्टींवर. एक, सहा सिस्टीनमधले तीन डायसल्फाइड बंध (दोन सिस्टीनच्या गंधकांची जोड): पहिला तिसऱ्याशी, दुसरा पाचव्याशी, चौथा सहाव्याशी. दोन, मॉड्यूलच्या शेवटच्या भागात बसलेला कॅल्शियमचा एक आयन.

पाचव्या मॉड्यूलची स्फटिकरचना १९९७ साली १.७ अँगस्ट्रॉमपर्यंत सुटली, त्यामुळे तिथे काय आहे हे बघून सांगता येतं. कॅल्शियमच्या भोवती सहा ऑक्सिजन आहेत. चार आम्लधर्मी कड्यांचे, म्हणजे ॲस्पार्टेट १९६, २०० आणि २०६ आणि ग्लुटामेट २०७ यांचे. उरलेले दोन कण्यातल्या कार्बोनिलचे, ट्रिप्टोफॅन १९३ आणि ग्लायसिन १९८ यांचे. सहा बाजूंनी सहा हात. हे हात साखळीत लांबलांब नाहीत, पंधरा अमिनो आम्लांच्या आतबाहेर आहेत. म्हणजे साखळीचा एवढा तुकडा एका आयनभोवती गुंडाळला गेलाय. आयन काढा, तुकडा सैल पडतो.

चवथीला आपल्याकडे गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधतात ती डोळ्यांसमोर आणा. फळं केवणीच्या दोराने लटकवतात. पण त्याआधी लाकडी चौकट काटकोनात राहावी म्हणून कोपरे आवळून घ्यावे लागतात, नाहीतर पहिलं नीरफणस टांगलं की चौकट तिरकी होते आणि सगळं एका बाजूला घसरतं. तुमचे सर कॅल्शियमला फळ टांगणारा दोर समजताहेत. ते खरं तर कोपऱ्यातली गाठ आहे. फळ तिला बांधलेलं नसतं, पण ती नसेल तर फळ टांगायला जागाच उरत नाही.

आता ‘कधी’ची गोष्ट. सहा सिस्टीन असतील तर त्यांच्या तीन जोड्या १५ प्रकारे लागू शकतात, त्यातला एक प्रकार बरोबर. तुमच्या जोडीत बारा सिस्टीन आहेत. बारांच्या सहा जोड्या १०,३९५ प्रकारे लागतात. कॅल्शियम नसताना हे प्रथिन ऑक्सिडाइज झालं तर ते वाटेल तशा जोड्या लावत बसतं, कारण कोणतीच घडी दुसरीपेक्षा फार सुखाची नसते. कॅल्शियम असेल तर बरोबर घडीत त्याला बसायला जागा मिळते, ती घडी सर्वांत स्थिर ठरते आणि चुकलेल्या जोड्या सुटून सुटून शेवटी तिथेच येतात. पाचवं मॉड्यूल एकटं घेऊन हा खेळ एचपीएलसीवर (मिश्रणातले रेणू वेगळे करून शिखरांनी दाखवणारं यंत्र) बघण्यासारखा असतो. कॅल्शियमविना शिखरांचा नुसता डोंगर, कॅल्शियम घातलं की दुसऱ्या दिवशी एक उंच शिखर आणि आजूबाजूला किरकोळ टेकाडं. मी पहिल्यांदा तो आलेख पाहिला तेव्हा यंत्र बिघडलंय असं समजून नमुना पुन्हा चालवला होता.

पेशीत हे काम एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये होतं. तिथे कॅल्शियम शेकडो मायक्रोमोलर असतं आणि जोड्या सोडवून पुन्हा लावणारी एन्झाइमं हाताशी असतात. ई. कोलायच्या पेशीद्रवात दोन्ही नाही: कॅल्शियम अत्यल्प, आणि वातावरण असं की डायसल्फाइड टिकतच नाही. म्हणून तुमचं प्रथिन इन्क्लुजन बॉडीत गेलं. यात तुमची चूक नाही, ते जाणारच होतं. चूक नंतरची. युरिया काढताना, म्हणजे प्रथिन घडी घालायला निघालं नेमकं तेव्हा, ईडीटीएने कॅल्शियम पळवलं आणि डीटीटीने डायसल्फाइड लागू दिले नाहीत. दोन्ही आधार काढून घेऊन तुम्ही त्याला उभं राहायला सांगितलंत. मग डीटीटी जुनं होऊन संपलं असेल, तेव्हा उघड्या सिस्टीन मिळेल त्याला चिकटल्या असतील. अशा गुंत्यात नंतर कितीही कॅल्शियम ओतलं तरी त्याला बसायला जागा कुठे आहे?

एक गोष्ट मात्र वेगळी धरा. बरोबर घडी झालेलं, तिन्ही बंध जागेवर असलेलं मॉड्यूल घेतलं आणि त्यातून कॅल्शियम काढलं, तर ते सैल पडतं, लिगँड सोडतं, पण परत कॅल्शियम दिलं की सावरतं. बंध असतात म्हणून वाट माहीत असते. त्यामुळे ‘कॅल्शियम नंतर टाकून चालतं का’ याला एकच उत्तर नाही. बंध बरोबर असतील तर चालतं, नसतील तर नाही.

कॅल्शियमची जागा किती कोती आहे हे कळायला एक रुग्णाकडून आलेलं उदाहरण सांगते. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानर लोकांत वंशपरंपरागत कोलेस्टेरॉलवाढीचा एक बदल पुष्कळ सापडतो. त्यात ॲस्पार्टेट २०६ च्या जागी ग्लुटामेट येतं. दोन्ही आम्लधर्मी, दोन्हींवर ऋण भार, दोन्हींच्या टोकाला तोच कार्बोक्सिल गट. फरक एका कार्बनचा, हात तेवढ्याने जास्त लांब. कागदावर कुणीही म्हणेल, यात काय बिघडणार? पण कॅल्शियमभोवतीच्या सहा हातांत एक हात लांब झाला की ती मूठ मिटत नाही, मॉड्यूल नीट घडत नाही, रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर पोचायला रखडतो आणि पोचला तरी एलडीएल नीट धरत नाही. त्याच्या शेजारचं ग्लुटामेट २०७ बदलून लायसिन होण्याचा प्रकार फ्रेंच कॅनेडियन कुटुंबांत आढळतो. तिथे तर ऋण भाराच्या जागी धन भार, म्हणजे विषयच संपला.

(क्रमांकांबद्दल सावध. जुन्या लेखांत पहिली २१ अमिनो आम्लं, म्हणजे सिग्नल पेप्टाइड, सोडून मोजणी सुरू होते. डेटाबेसमध्ये तीही धरतात. म्हणून जुना २०६ म्हणजे नवा २२७. प्रायमर मागवताना मी एकदा यात फसले आहे. पैसे गेले, वर तीन आठवडे.)

आता सरांचा ‘पूल’. तो पूर्ण खोटा नाही, म्हणून त्यांना एकदम चूक म्हणू नका. आरएपीचा तिसरा भाग आणि नेमकी हीच तिसऱ्या-चौथ्या मॉड्यूलची जोडी यांची एकत्र रचना उपलब्ध आहे. त्यात आरएपीच्या दोन लायसिन दोन मॉड्यूलांत एकेक अशा बसतात. लायसिनच्या टोकाचा धन भार कॅल्शियम धरून बसलेल्या त्याच आम्लधर्मी कड्यांशी भिडतो, आणि लायसिनची लांब शेपटी शेजारच्या ॲरोमॅटिक कडीवर टेकते. म्हणजे कॅल्शियम लिगँडला हात लावत नाही. ते आम्लांचे हात योग्य दिशेला वळवून ठेवतं आणि लायसिन त्या हातांच्या बाहेरच्या बाजूला येऊन बसते. म्हणून एलडीएल रिसेप्टरच्या लिगँडांत लायसिन इतक्या महत्त्वाच्या: अपोबी घ्या, अपोई घ्या (एलडीएलसारख्या कणांवरची प्रथिनं), जिथे लायसिन-आर्जिनिनची गर्दी तिथे बंधन.

खरा पूल बघायचा असेल तर दुसरीकडे जा. मॅनोज ओळखणाऱ्या सी-टाइप लेक्टिनमध्ये साखरेचे दोन हायड्रॉक्सिल गट थेट कॅल्शियमला धरतात. एका बाजूला प्रथिन, दुसऱ्या बाजूला साखर, मध्ये आयन. यकृताच्या पेशीवरचा एशियालोग्लायकोप्रोटीन रिसेप्टर याच घराण्यातला. रक्त गोठवणाऱ्या घटकांतला ग्ला भागही कॅल्शियमच्या आधाराने पेशीपटलाच्या फॉस्फोलिपिडला चिकटतो. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठत नाही ते यामुळेच, आत ईडीटीए असतं. (आणि म्हणूनच त्या नळीतल्या रक्तावर कॅल्शियमची तपासणी करत नाहीत. हे लॅबमधल्या नव्या मुलांना दरवर्षी सांगावं लागतं.) सरांनी बहुधा यातलं एखादं उदाहरण शिकवताना सगळ्यांना लावलंय.

पाठ्यपुस्तकात तुम्ही कॅल्मोड्युलिन आणि ईएफ-हँड वाचलं असेल. त्याचाही इथे गोंधळ होतो. ते पेशीच्या आतलं काम. आत मोकळं कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर, इशारा आला की ते वाढतं, कॅल्मोड्युलिन ते पकडून आकार बदलतं. म्हणजे ते बटण आहे. पेशीच्या बाहेर मोकळं कॅल्शियम १.२ मिलिमोलरच्या आसपास, आतल्यापेक्षा दहा हजार पटीने जास्त, आणि ते फारसं हलत नाही. दोना पावलाच्या समुद्राचं पाणी काढलंत तर त्यात १० मिलिमोलर, रक्तातल्या मोकळ्या कॅल्शियमच्या आठपट. जिथे एखादी वस्तू नेहमीच मुबलक मिळते तिथे ती बांधकामात वापरली जाते. पृष्ठभागावरच्या प्रथिनांनी तेच केलंय.

पण बांधकामाच्याही तऱ्हा आहेत, आणि इथे तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कोणतं मॉड्यूल हातात धरलंय यावर बदलतं. एलडीएल रिसेप्टरची ही मॉड्यूलं कॅल्शियम आपल्या पोटात ठेवतात आणि एकमेकांशी बहुतेक लवचिक धाग्यांनी जोडलेली असतात. चौथ्या-पाचव्यामधला धागा तर बारा अमिनो आम्लांचा. अबोलीच्या फातीसारखी ही साखळी वाकते, वळते, लिगँडनुसार जागा घेते. पेशीला पेशी चिकटवणाऱ्या कॅडहेरिनची गोष्ट उलटी. तिथे कॅल्शियम मॉड्यूलच्या पोटात नसून दोन मॉड्यूलांच्या सांध्यात बसतं, प्रत्येक सांध्याला तीन आयन. ई-कॅडहेरिनला पाच मॉड्यूलं, चार सांधे, म्हणजे बारा आयन. ते असले की दांडा ताठ, नसले की दोरी ढिली आणि प्रोटीएज तिला सहज कुरतडतात. पेशी वाढवताना फ्लास्कमधून सोडवायला ट्रिप्सिनबरोबर ईडीटीए का घालतात ते यावरून कळेल. आतल्या कानातले टिप लिंक (ऐकणाऱ्या पेशींवरचे केस जोडणारे बारीक धागे) कॅडहेरिन-२३ आणि प्रोटोकॅडहेरिन-१५ चे असतात, त्यांच्या सांध्यातलं कॅल्शियम धरणारी एक कडी बदलली तरी बहिरेपण येऊ शकतं. ईजीएफसारख्या मॉड्यूलांतही काही कॅल्शियम धरतात, तेही मॉड्यूलच्या सुरुवातीला, म्हणजे आधीच्या मॉड्यूलच्या लगत, आणि त्यामुळे दोघांमधला सांधा ताठ होतो. नॉच-१ या रिसेप्टरच्या अंगावर ३६ ईजीएफ आहेत, त्यांतले बरेच असे.

किती घट्ट धरतात यातही जमीन-अस्मानाचं अंतर. एलडीएल रिसेप्टरच्या मॉड्यूलांची केडी (जितकी कमी तितकी पकड घट्ट) शरीराच्या पीएचला दहापाच नॅनोमोलरपासून काही मायक्रोमोलरपर्यंत, मॉड्यूलनुसार बदलते. म्हणजे १.२ मिलिमोलरमध्ये ती कायम भरलेली. कॅडहेरिनचे काही सांधे याहून खूप सैल धरतात. त्यामुळे ‘बफरमध्ये किती कॅल्शियम घालू’ याचं माझं उत्तर एलडीएल रिसेप्टरला वेगळं आणि कॅडहेरिनला वेगळं असेल. एकाचा प्रोटोकॉल उचलून दुसऱ्याला लावू नका.

इतकं घट्ट धरत असेल तर रिसेप्टर एलडीएल सोडतो कसा? कारण तो सोडायला आंबट जागी जातो. एलडीएल घेऊन रिसेप्टर पेशीत ओढला जातो, एंडोसोम या पेशीतल्या पिशवीत पीएच ६ च्या खाली उतरतो आणि तिथलं कॅल्शियमही काही मायक्रोमोलरपर्यंत घटतं. आम्लात कार्बोक्सिलवर प्रोटॉन बसायला लागतो, पकड ढिली होते. एक बाजू सैल, दुसऱ्या बाजूने पुरवठा कमी. गाठ सुटते. शिवाय २००२ साली पीएच ५.३ ला काढलेल्या रचनेत दिसलं की चौथं आणि पाचवं मॉड्यूल रिसेप्टरच्याच प्रोपेलरसारख्या भागावर जाऊन टेकतं, म्हणजे एलडीएलची जागा घरचाच माणूस बळकावतो. दोन्ही मिळून एलडीएल सुटतं, रिसेप्टर पृष्ठभागावर परत येतो. अशी एक फेरी दहा-बारा मिनिटांची. गोल्डस्टीन आणि ब्राउन यांना १९८५ चं नोबेल मिळालं त्यात या फेऱ्यांचाच मोठा वाटा. यात मला आवडतं ते असं की जी गोष्ट बांधकामाची म्हणून आपण शिकलो तीच सोडायची कळही निघाली. पंचवीस वर्षांत या एका कारणाने मला या मॉड्यूलांचा कंटाळा आला नाही.

इथवर थोडं मागे वळून: तुमचं कॅल्शियम ईडीटीएने गिळलं, ते नसतं गिळलं तरी घडी आधीच बिघडलेली होती, आणि कॅल्शियमचं काम आरएपीला चिकटवणं नसून मॉड्यूल उभं ठेवणं आहे. आता करायचं काय ते.

युरियातलं प्रथिन पुन्हा घ्या. मी असं करत असे: ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.५, १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, ३ मिलिमोलर रिड्यूस्ड आणि ०.३ मिलिमोलर ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथिओन. प्रथिन खूप पातळ, मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅमहून कमी, नाहीतर एका रेणूची सिस्टीन शेजाऱ्याच्या गळ्यात पडते. ४ अंशाला दोन दिवस. डीटीटी नको, ईडीटीए तर बिलकुल नको. प्रोटीएज इनहिबिटरची गोळी टाकत असाल तर डबी वाचा, पुष्कळ गोळ्यांत ईडीटीए आधीच असतं. आणि फॉस्फेट बफर टाळा. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की नळीत विड्याच्या चुन्याची निवळी ढवळल्यासारखं पांढरं होतं. मग तुम्हाला वाटतं प्रथिन साकळलं, आणि तुम्ही ते फेकून देता. फेकून दिलेलं मी पाहिलंय.

घडी झाली का हे आरएपी चिकटण्याआधी बघा. मास स्पेक्ट्रोमीटर मिळत असेल तर प्रत्येक डायसल्फाइडमागे वस्तुमान २ डाल्टनने घटतं, तुमच्या जोडीत सहा बंध, म्हणजे १२. पण १२ डाल्टनचा फरक चुकवायला सोपा. त्यापेक्षा आयोडोॲसिटामाइड घाला. मोकळी राहिलेली प्रत्येक सिस्टीन ५७ डाल्टनने वजन वाढवते, ते ठळक दिसतं. अर्थात बंध लागले एवढंच यावरून कळतं, बरोबर जोड्या लागल्या का ते नाही. त्याला एचपीएलसीचं ते एक शिखर हवं.

मग बंधनाचा प्रयोग तीन नळ्यांत करा: कॅल्शियम असलेली, त्यात ईजीटीए (ईडीटीएचंच भावंड) जादा टाकलेली, आणि ईजीटीएनंतर पुन्हा कॅल्शियम जादा टाकलेली. पहिलीत चिकटलं, दुसरीत सुटलं, तिसरीत परत चिकटलं, तर सरांसमोर उभं राहायला हरकत नाही. ईजीटीए का, ईडीटीए का नाही? ईजीटीए मॅग्नेशियमच्या फार नादाला लागत नाही, त्यामुळे परिणाम कॅल्शियमचाच आहे हे ठामपणे म्हणता येतं.

दुसऱ्या नळीत काहीच फरक पडला नाही असं दिसलं तर घाबरू नका, पण ‘कॅल्शियम लागत नाही’ असा निष्कर्षही काढू नका. मी तो काढला होता. तेव्हा आम्ही ईजीटीए न घालता, कॅल्शियम न टाकलेलं बफर म्हणजे कॅल्शियमविना बफर असं समजून चाललो होतो. महिनाभर ‘विना’ नळीत बंधन उत्तम. मी गटाच्या बैठकीत छाती काढून सांगितलं की या मॉड्यूलला कॅल्शियमची गरज नाही. मागच्या बाकावरच्या एका तंत्रज्ञाने विचारलं, ‘बाई, बफर काचेच्या बाटलीत ठेवता का?’ काच, डिस्टिल्ड पाणी, डायलिसिसची नळी, साधे क्षार, सगळ्यांतून थोडंथोडं कॅल्शियम येतं, मिळून काही मायक्रोमोलर सहज. दहापाच नॅनोमोलर केडी असलेल्या मॉड्यूलला ती मेजवानी झाली. बफर चेलेक्स या धातूंचे आयन पकडणाऱ्या रेझिनवरून काढून प्लास्टिकच्या बाटल्यांत ठेवलं तेव्हा ‘विना’ नळी खरी ‘विना’ झाली. बैठकीचं टिपण मात्र तसंच राहिलं.

आणि एक गोव्याची खास पीडा. कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं, इतकं की उघडी बाटली जूनमध्ये चिखल होते. बाहेरून परत आल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यात मी बाटलीतून चमचाभर घेऊन वजन केलं, काट्यावर आकडा चढतच होता. प्रथिनासाठी १० मिलिमोलर समजून मी प्रत्यक्षात ६-७ च घालत होते, कारण वजनातला बराच भाग पावसाचा. डायहायड्रेट वापरता की निर्जल हेही बघा, एकाचं रेणुभार १४७, दुसऱ्याचं १११. उपाय साधा: नवी बाटली उघडलीत की त्याच दिवशी १ मोलरचं द्रावण करून ठेवा, आणि त्याची खरी तीव्रता ईडीटीएच्या अनुमापनाने काढा. बी.एस्सी.ला पाण्याचा जडपणा काढताना केलेला तोच प्रयोग. ज्या ईडीटीएने तुमचं कॅल्शियम पळवलं त्याच्याकडूनच हिशेब लिहून घ्यायचा.

आता बाबा. रक्तातलं मोकळं कॅल्शियम पॅराथायरॉइड ग्रंथी अरुंद पट्ट्यात सांभाळते. गोळ्यांनी ते फारसं वाढत नाही, आणि वाढलं तरी रिसेप्टरची मॉड्यूलं आधीच भरलेली आहेत, त्यांना जादा कॅल्शियमचा उपयोग नाही. भरलेल्या कळशीत अजून पाणी ओतण्यासारखं. त्यामुळे या वाटेने त्यांचं एलडीएल उतरणार नाही. गोळ्या हाडांसाठी दिल्या असतील तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. एलडीएल खाली आणायला स्टॅटिनचा मार्ग वेगळा: पेशीतलं कोलेस्टेरॉल कमी पडलं की पेशी रिसेप्टर जास्त बनवते.

एक मात्र गंभीरपणे. १९० च्या वर एलडीएल हा आकडा नुसत्या खाण्यापिण्याचा असेलच असं नाही. वंशपरंपरागत कोलेस्टेरॉलवाढ जगात साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असते. आजोबांना किंवा काकांना तरुणपणी हृदयविकार झाला होता का, बाबांच्या टाचेमागची कंडरा (टेंडन) जाड झाली आहे का, हे बघून बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात किंवा तुमच्या ओळखीच्या फिजिशियनला दाखवा. तुमचंही एलडीएल एकदा तपासून घ्या, उपाशीपोटी नसलं तरी चालतं.